शाळेची वेबसाइट काढायची, की वहीतली चिठ्ठीच बरी?

जांबोटीलाइन: गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातलं, शाळा सरकारी मराठी. शनिवारी एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या विकास नि देखरेख समितीची, मीटिंग झाली. नवीन सर म्हणाले, गूगल साइट्सवर फुकटात शाळेचं पान काढूया, पालकांना सगळं एका जागी मिळेल. निम्मे 'व्हय' म्हणाले, निम्मे चहा पिऊन उठले. मी व्हय म्हणणाऱ्यातला.

वरनं येणारी परिपत्रकं कन्नडात असतात. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, आधार, सगळं. सर बिचारे मराठी करून ग्रुपवर टाकतात. दोन दिवसांत त्यावर शुभ सकाळचे फोटो नि वाढदिवसाचे केक चढतात. शेवटच्या तारखेला कुणीतरी विचारतंय, "सर, कागद कुठले कुठले?" सर तेच चौथ्यांदा टाइप करतात. पानावर एकदा लिहिलं की तिथंच राहतंय. ग्रुपवर नुसती लिंक. तुमच्याकडे कुणी केलंय काय?

चौथीची आई: दादा, आधी फोन कुणाकडे असतोय ते विचारा की. आमचे मालक गोव्यात कामाला. मोठा फोन त्यांच्याबरोबर जातो, शनिवारी रात्री परत येतो. माझ्याकडे बटणांचा. हे भावाच्या फोनवरून लिहालोय. पावसात आमच्याकडे लाइट गेली की रेंज पण जाते, मग तुमचं पान कुठलं उघडतंय? बाई वहीत चार ओळी लिहून देतात, पोरगी मला वाचून दाखवते. कुठं अडखळते ते मला तिथंच कळतंय. लिंकवर ते कळणार नाही.

निवृत्त गुरुजी: ताईंचं बरोबर आहे. मी दुसरं सांगतो. एका शाळेची (नाव नको) वेबसाइट मोठा मंडप घालून, नारळ फोडून सुरू झाली होती. पहिल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो आहेत, पुढं काही नाही. मुख्याध्यापक म्हणून ज्यांचा फोटो आहे ते केव्हाच निवृत्त झाले. ज्या सरांनी काढली त्यांची बदली झाली नि पासवर्डही त्यांच्याबरोबर बदलीवर गेला!

शिक्षकांना एसएटीएसमध्ये (मुलांच्या नोंदींची सरकारी ऑनलाइन प्रणाली) माहिती भरायची, बिसीऊटचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, हिशोब, अंडी किती केळी किती, ते लिहायचं. त्यात आणखी एक. आमच्या वेळी सुगीत पालकसभा ठेवली तर चार माणसं यायची, म्हणून मीच संध्याकाळी खळ्यावर जायचो. मळणी चालू असताना पोराबद्दल जे बोलणं व्हायचं ते सभेत कधी झालं नाही.

जांबोटीलाइन: गुरुजी, खळ्यावर जाणारे तुमच्यासारखे किती राहिलेत? आताचे सर बेळगावाहून बसनं येतात नि साडेचारच्या बसला पळतात. त्यांना नावं ठेवत नाही, पण तुमचा उपाय तुमच्याबरोबर निवृत्त झाला.

पासवर्डचं मात्र मान्य. खातं शाळेच्या नावानं काढायचं, सरांच्या नव्हे.

शहापूरची टीचर: ग्रुपचा एक तोटा कुणीच बोलला नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. माझ्या वर्गातल्या एका आईला रात्री अनोळखी फोन येऊ लागले, नंबर ग्रुपमधूनच गेला होता. ती ग्रुप सोडून गेली नि सहलीची सूचना तिला मिळालीच नाही. पानाला नंबर लागत नाही.

पण पानावर पोरांचे फोटो नावासकट टाकू नका. 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. मी पोरांनी केलेली चित्रं, मातीचे किल्ले टाकते, चेहरा नाही. आया तरी ओळखतातच, "तो वाकडा बुरूज आमच्याच्याचा!"

निपाणीकर: पोरगी कन्नड मीडियमला. मला कन्नड झक्कास बोलता येतं, वाचायला शून्य. सीमाभागात आमच्यासारखे ढिगानं आहेत. लिहिलेलं पान मराठीत असो की कन्नडात, कुणीतरी बाहेर राहणारच. टीचरनं एक मिनिट बोलून आवाज टाकावा. माझी आई कुठलंच वाचत नाही, पण टीचरचा आवाज तीनदा ऐकते.

खडेबाजार: मराठीत पान काढाल नि उद्या कुणीतरी बोट दाखवेल. दुकानांच्या पाट्यांना 60 टक्के कन्नडचा कायदा 2024 ला आलाच की.

जांबोटीलाइन: तो वाद इथं नको हो. मूळ कन्नड परिपत्रकाचा फोटो वर, खाली मराठी, त्याखाली सरांचा आवाज. कुणाचं काय बिघडतंय?

चौथीची आई: बरं, काढा. पण जे पानावर टाकाल तेच कागदावर लिहून दुकानाच्या भिंतीला चिकटवा. मीठ आणायला तर रोज जातोच. नि वहीतली चिठ्ठी बंद करू नका.

जांबोटीलाइन: चालेल ताई. दुकानदार एसडीएमसीतच आहे, त्याला सांगतो.

निवृत्त गुरुजी: खातं शाळेच्या नावानं, ठीक. पासवर्ड कुणाकडे?