भर पावसात बिऱ्हाड: ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदा आलात तेव्हाचे अनुभव लिहा

परभणीची लेक
सकाळपासून आमच्या बिल्डिंगखाली एक टेम्पो उभा आहे. वर निळी ताडपत्री, आणि ती सोडायला पाऊस मिनिटभर उसंत देत नाहीये. नवरा-बायको पंचविशीतले असतील. ती जिन्याखाली तुळशीची कुंडी कडेवर घेऊन उभी आहे, लेकराला घ्यावं तशी. मला माझा जुलै २०११ आठवला.

परभणीहून निघालो तेव्हा कडक ऊन होतं. "पाऊस कुठंय ताई" म्हणत टेम्पोवाल्याने ताडपत्री घेतलीच नाही. आळेफाट्यापर्यंत भुरभुर होती, माळशेज घाटात मात्र दहा फुटांपुढचं दिसेना. मुरबाडला खताच्या रिकाम्या गोण्या विकत घेऊन सामानावर टाकल्या, पण तोवर गादी चिंब झाली होती. लग्नात आईने घरच्या शेतातला कापूस भरून दिलेली गादी. कोलशेतला तिसऱ्या मजल्यावर चौघांनी ती ओढत नेली, प्रत्येक पायरीवर पाण्याचा ओघळ. मी जिन्यातच बसून रडले.

समोरच्या काकू बाहेर आल्या. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाल्या, "अशी ठेवलीस तर सडेल गं. उसव." रात्री दोघींनी ब्लेडने टाके उसवले. ओला कापूस त्यांच्या आणि आमच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रांवर पसरला, दोन्हीकडचे पंखे रात्रंदिवस चालू. आठ दिवस दोन्ही घरांत पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मा कापूस काळा पडला, तो टाकला. उरलेला दिवाळीआधीच्या उन्हात वाळवून पिंजून घेतला, त्याच्या चार उशा झाल्या. दोन अजून काकूंकडे आहेत.

तुमचंही लिहा.

नेरूळ पूर्व
किती छान लिहिलंयस. आमचं २००५. तारीख सांगायलाच नको. शुक्रवारी राहायला आलो आणि मंगळवारी २६ जुलै. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला हे नंतर पेपरात वाचलं. त्या दिवशी एवढंच कळत होतं की हे कुर्ल्याला ऑफिसात आहेत आणि फोन लागत नाही. घरात मी आणि सात महिन्यांचा मुलगा. लाइट नाही, खोकी बांधलेली, मेणबत्ती कुठल्या खोक्यात ते माहीत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी टॉर्च घेऊन आल्या आणि "बाळाला घेऊन वर चल" म्हणाल्या. हे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. कुर्ला, मानखुर्द, वाशीचा खाडीपूल, सगळं पायी. पायाची सालं निघाली होती. आजींनी हळद-तेल लावलं. आजी २०१४ ला गेल्या. मुलगा यंदा इंजिनिअरिंगला आहे.

कळवा नाका
@नेरूळ पूर्व, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझं २९ ऑगस्ट २०१७. सांगलीहून येऊन आठ दिवस झालेले, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन राहत होतो. लोकल कांजूरमार्गच्या पुढे सरकेना. रस्ता माहीत नव्हता, कळव्याला कुठून जायचं तेही कळेना. चालणाऱ्या माणसांच्या मागे चालत राहिलो. पाच दिवसांचे गणपती होते त्या दिवशी. मुलुंडला गुडघाभर पाण्यातून एक कुटुंब मूर्ती घेऊन निघालं होतं. बाबांच्या डोक्यावर पाट आणि मुलीने छत्री धरलेली ती बाप्पावर, स्वतः दोघं नखशिखांत भिजलेले. पुढे एका मंडळाने मसालेभात दिला, पत्रावळीवर, गरम. कोपरीला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा.

तुळशीबाग ते घोडबंदर
सर्वांना विचारते, कपड्यांचा कुबट वास कशाने जातो? तीन दिवस झाले, जीन्स वाळतच नाहीये.

नेरूळ पूर्व
शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाल. पंख्याखाली वाळव आणि मग इस्त्री. ओलसर घडी अजिबात घालू नकोस. कपाटात डांबर गोळ्या, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेव.

ऑरेंज सिटी
नमस्कार, पुढच्या महिन्यात नागपूरहून घणसोलीला येतेय. दोन घरं आवडली, एक तळमजला आणि एक सगळ्यात वरचा. कोणतं घेऊ? सगळे म्हणतात पावसाळा संपल्यावर शिफ्ट हो.

निवृत्त, बेलापूर
ताई, घर पाहायचं तर पावसातच पाहा. ऑक्टोबरपर्यंत रंग लागतो आणि ओल झाकली जाते. खोलीचे कोपरे, खिडकीखालची भिंत, बाथरूमच्या मागची भिंत हात लावून बघा. वरच्या मजल्यावर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का विचारा. तळमजला असेल तर भरतीच्या वेळी, जोराचा पाऊस चालू असताना गेटसमोर जाऊन उभे राहा. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभा आहे. म्हणून सिडकोने आखणीतच होल्डिंग पाँड ठेवले. भरतीला खाडीकडची झडप बंद होते, तेवढा वेळ पावसाचं पाणी पाँडमध्ये साठतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. पाँड गाळाने भरला की हे सगळं गणित बिघडतं. माझी नोकरी याच कामात गेली, म्हणून कळकळीने सांगतोय. भरती आणि पाऊस एकदम आले की तुमच्या गल्लीत काय होतं ते तिथल्या वाण्याला विचारा. एजंटला विचारू नका.

ऑरेंज सिटी
खूप आभार काका. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

कळवा नाका
आणि अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं असतं. आता जुलैत केलंत तर पुढच्या जूनमध्ये परत हेच. मी तीनदा घर बदललं, तिन्ही वेळा पावसात. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या सॅकमध्ये ठेवा, टेम्पोत नको.

तुळशीबाग ते घोडबंदर
थोडं अवांतर. इथल्या पहिल्या पावसाळ्यात नौपाड्यात एका आदिवासी मावशीकडून शेवळं ही रानभाजी घेतली होती. तिने सोबत हिरवी छोटी फळं टाकली. मला वाटलं लोणच्याची असतील, बाजूला ठेवली. पुण्यात शेवळं कुठे बघितलेली! घासाला घसा असा खाजला की रात्रभर झोप नाही. पुढच्या आठवड्यात मावशीने तिथेच बसवून शिकवलं. वरची सालं काढायची, आतला पिवळा भाग टाकायचा, बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि ती हिरवी फळं, म्हणजे काकडं, ठेचून त्यांचा रस घालायचा. त्याने खाज मरते. अजून दर वर्षी तिच्याकडूनच घेते. ठाणं माझं झालं ते त्या दिवसापासून.

नेरूळ पूर्व
आम्ही सोडे (सुकी कोलंबी) घालून करतो. आता करावीच लागणार.

परभणीची लेक
सगळ्यांचं वाचतेय, मध्ये खाली जाऊन आले. चहाचा थर्मास आणि जुन्या चादरी दिल्या. दोघं लातूरकडचे निघाले! गादी फोमची आहे, प्लास्टिकमध्ये होती, कोरडी राहिली. कुंडी मात्र जिन्यात फुटली आणि ती पोरगी कावरीबावरी झाली. तुळस मातीसकट आमच्या बादलीत लावून ठेवलीय. काकू वरून विचारतायत, रात्री किती जणांचा स्वयंपाक करू.

तुळशीबाग ते घोडबंदर
अगं किती गोड. लातूरकडचे म्हणजे भाकरी लागेल, काकूंना सांग.