मदत हवी आहे: पंपावर ४ ऐवजी ४० टाकलं, फॉर्म भरू का?

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली सहा आयसीयूत. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही.

मागच्या आठवड्यातली लागोपाठ पाचवी नाईट. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर, असं कॉलेजात शिकलो. माझ्याकडे त्या रात्री तीन पेशंट, त्यातले दोन व्हेंटवर. पहाटे चारला सहा नंबरच्या बेडची नॉरअ‍ॅडची सिरिंज संपत आली म्हणून नवी लावली. शेजारचा मॉनिटर कोकलत होता, लीड निघालेली, नेहमीचंच. सिरिंज पंपावर औषधाचा वेग ४ टाकायचा तो ४० टाकला. स्टार्टवर बोट होतं. तेवढ्यात ज्युनिअर, सहा महिन्यांपूर्वी लागलेली पोर, हळूच म्हणाली, "सिस्टर, चाळीस?"

बीपी धरून ठेवणारं औषध आहे हे. दहापट गेलं असतं तर काय, ते लिहवत नाही.

मी शून्य काढलं, स्टार्ट दाबलं, चार्टवर ४ लिहिलं. हात थरथरला नाही, रडू आलं नाही. त्याचीच धास्ती घेतलीय. पूर्वी पेशंट गेला की चेंजिंग रूममध्ये जाऊन रडायचे. आता बॉडी पॅक करताना डोक्यात पुढच्या अ‍ॅडमिशनचा हिशोब चालू असतो.

पेशंटला काही झालं नाही, तरी इन्सिडंट फॉर्म (चूक नोंदवायचा) भरू का? आमच्याकडे फॉर्म भरला की हातात मेमो पडतो. आणि वॉर्डला बदली मागितली की "आयसीयू झेपलं नाही" हा शिक्का. नवरा म्हणतो सोड नोकरी. घराचा हप्ता कोण भरणार ते सांगत नाही. योगा-ध्यान कृपया सुचवू नका.

जुनी_सिस्टर: भर फॉर्म. पण नुसतं "माझी चूक झाली" लिहू नकोस. किती पेशंट होते, कितवी नाईट होती, तेही लिही. नॉरअ‍ॅड, पोटॅशियम, इन्सुलिन, हेपारिन ही दोघींनी बघून लावायची औषधं. त्या पोरीने पाहिलं ते नशिबाने, पद्धत म्हणून नव्हे. खरी गोची तिथे आहे. बदली मी मागितली होती, डायलिसिसला गेले. सहा महिने टोमणे खाल्ले, मग सगळे विसरले.

वाटसरू७: ताई, हे कोरडं पडणं बर्नआउटमध्ये, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून गेल्यावर होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद कामातून येणारी गोष्ट म्हणून केली, आजार म्हणून नाही. तरी झोप उडाली असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, १४४१६. सरकारी आहे, फुकट, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती: आभार दोघांचे. आज फॉर्म मागितला. तो इन्चार्जच्या कपाटात, कपाटाला कुलूप, इन्चार्ज रजेवर! सोमवारी परत मागते. ज्युनिअरला कँटीनमध्ये चहा पाजला. म्हणाली, "सिस्टर, बोलू की नको, असं दोनदा मनात आलं होतं. म्हटलं तुम्ही ओरडाल."