वापरलेली १६-३५ लेन्स घ्यावी का? फोटोचा एक कोपरा सॉफ्ट (अस्पष्ट) येतोय

तळेगावकर

नमस्कार मंडळी. कॅननची ईएफ १६-३५ मिमी एफ २.८ एल ही रुंद कोनाची झूम लेन्स, दुसरी आवृत्ती, वापरलेली मिळते आहे. मालक ओळखीतले आहेत, रविवारपर्यंत लेन्स माझ्याकडे ठेवायला दिली आहे. कॅमेऱ्याची बॉडी ६डी. कामं दोन प्रकारची: लग्नं, आणि सुट्टीत किल्ले-लेणी.

सोसायटीच्या विटांच्या भिंतीचे फोटो काढून पाहिले, हातात धरूनच. मध्यभागी छान आहे. एफ २.८ ला, म्हणजे ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं असताना, चारही कोपरे सॉफ्ट, ते धरूनच चाललो होतो. पण ते बारीक करून एफ ८ ला सुद्धा खालचा डावा कोपरा उजव्यापेक्षा कमी वाटतो. कंपनीचा एमटीएफचा (लेन्स मध्यापासून कडेपर्यंत किती काँट्रास्ट आणि तपशील देते त्याचा) आलेख पाहिला, त्यावरून काही कळलं नाही. साधारण तेवढ्याच पैशांत एफ ४ आयएस (हाताची थरथर सावरणारी) वाली १६-३५ मिळू शकते. काच चांगली की वाईट हे नक्की कशावरून ठरवायचं?

फोटोवाला_सांगली

आधी टॉर्च. दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा उजेड मारा आणि पुढून तिरकं बघा. बारीक धागे पसरलेले दिसले तर फंगस, विषय तिथेच संपला. धुळीचे दोन-चार कण असले तर फोटोत काही उतरत नाही. झूम रिंग कुठे अडकते का तेही बघा. लग्नात कोपऱ्यात मंडपाचा पडदाच येतो, एवढं ताणू नका. मी हीच लेन्स वापरतो, समाधानी आहे.

लेणीवेडी

तळेगावकर, भिंतीचे फोटो आधी बाजूला ठेवा. हातात धरलेला कॅमेरा भिंतीला समांतर होता की चार-पाच अंश तिरका, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. शिवाय १६ मिमीला, म्हणजे झूमच्या सर्वात रुंद टोकाला, एवढ्या जवळून लेन्स जशी वागते तशी ती लांबच्या डोंगरावर वागेलच असं नाही. तुम्ही किल्ले काढणार, मग लांबवरच तपासा. लांबच्या वस्तूवर कॅमेरा थोडा तिरका असला तरी फोकसमध्ये फरक पडत नाही, म्हणजे शंकेला जागाच उरत नाही.

मी जुन्या देवळांचं आणि लेण्यांचं दस्तऐवजीकरण करते. संवर्धनवाल्या आर्किटेक्टना माझ्या फोटोतला स्तंभशीर्षावरचा नक्षीचा तुकडा कोपऱ्यात असला तरी वाचता यायला हवा असतो. म्हणून नवी काय, जुनी काय, प्रत्येक लेन्स मी एकाच पद्धतीने पारखते. सकाळी लवकर, हवा तापायच्या आत, गच्चीवर ट्रायपॉड. किलोमीटरभर लांबचा एखादा मोबाइलचा टॉवर निवडायचा, त्याच्या लोखंडी जाळीत बारीक तपशील भरपूर असतो. टॉवर मधोमध घेऊन लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) मोठा करून फोकस करा, मग मॅन्युअलवर टाका आणि रिंगला हात लावू नका. आता कॅमेरा फिरवून तोच टॉवर एकेक करून चारही कोपऱ्यांत आणा. १६, २४ आणि ३५ ला, प्रत्येक ठिकाणी एफ २.८ आणि एफ ८.

वस्तू एकच, उजेड तोच, फोकस तोच. चारही कोपरे सारखेच सॉफ्ट आले तर ती त्या डिझाइनची मर्यादा आहे. एकच कोपरा वेगळा पडला तर आतलं एखादं भिंग जागचं सरकलेलं किंवा कललेलं आहे, लेन्स डिसेंटर्ड आहे. आलेखावरून तुम्हाला काही कळलं नाही ते यामुळेच. कॅनन छापते तो एमटीएफ डिझाइनवरून गणिताने काढलेला असतो. झाइस प्रत्यक्ष लेन्स मोजून आलेख देते, पण तीही तुमच्या हातातली लेन्स नसते. आलेख बघाच, त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे: आडव्या अक्षावर मध्यापासूनचं अंतर, फुलफ्रेमला, म्हणजे ६डी सारख्या मोठ्या सेन्सरला, कोपरा साधारण २१.६ मिमीवर. १० रेषा प्रति मिमीच्या ओळी काँट्रास्ट सांगतात, ३० च्या बारीक तपशील सांगतात. आलेखातल्या सलग आणि तुटक ओळी कडेला एकमेकींपासून दूर गेल्या की समजावं, तिथे झाडांची पानं एका दिशेने ओढल्यासारखी येणार.

खराब वाटणाऱ्या कोपऱ्याचं आणखी एक काम करा. टॉवर तिथेच ठेवून त्या कोपऱ्यातच पुन्हा फोकस करा. स्वच्छ झाला तर फोकसचं प्रतल वाकलेलं आहे, म्हणजे फील्ड कर्व्हेचर. चारही कोपऱ्यांत सारखं असेल तर त्याच्याशी जमवून घेता येतं: एफ ८ ला जा आणि मध्याऐवजी मध्य आणि कडेच्या दरम्यान कुठेतरी फोकस करा. पुन्हा फोकस करूनही कोपरा सुधारला नाही तर मात्र दोष भिंगांचा.

हे सगळं रॉ मध्ये (कॅमेऱ्याने न सुधारलेली फाइल), आणि सॉफ्टवेअरमधली लेन्सचे दोष झाकणारी प्रोफाइल बंद ठेवून. ६डी च्या जेपीईजीत कडेचा अंधार आणि रंगीत कडा कॅमेरा परस्पर दुरुस्त करतो, मग तुम्ही लेन्सऐवजी सॉफ्टवेअर तपासत बसाल. ॲपर्चर बारीक केल्यावर कोमा (कोपऱ्यातल्या उजेडाच्या ठिपक्याला पंख फुटणं) कमी होतो, कडेचा अंधार बराचसा जातो. रंगीत कडा आणि डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकणं) ॲपर्चरने जात नाहीत, पण ते कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी सरळ करता येतात. सॉफ्ट कोपऱ्याला तिथे इलाज नाही. म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ कोपऱ्यांवर घालवते आणि डिस्टॉर्शनकडे ओझरतं बघते.

सांगलीकरांचं एका बाबतीत पटत नाही. लग्नात १६ वर कडेला मंडपाचा पडदाच येतो असं नाही, ग्रुप फोटोत मामा-मावशी येतात. तिथला चेहरा उंचीच्या मानाने जवळजवळ दीडपट रुंद होतो. हा लेन्सचा दोष नाही, एवढा रुंद कोन सपाट सेन्सरवर मांडला की हे होणारच, कितीही महाग काच घ्या. माणसं असली की २४ च्या पुढे राहा.

फ्लेअर, म्हणजे समोरचा उजेड काचेत पसरून फोटो फिका पडणं, तपासायला तुम्हाला कार्ला लेणी जवळ आहे. चैत्यगृहात आत स्तूपाजवळ उभं राहून दाराकडे बघा. समोरच्या कमानीतून उजेड, बाजूला काळोखातले खांब, वर लाकडी कमानींच्या बरगड्या थेट फ्रेमच्या कोपऱ्यांपर्यंत. खांबांवरचा काळोख राखाडी झाला तर काच उजेड आत पसरवते आहे. याहून चांगला टेस्ट चार्ट मला माहीत नाही. ट्रायपॉडला परवानगी लागते, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून हातातच काढा.

आणि घ्यायचं म्हणाल तर माझं मत एफ ४ आयएस. २००७ मध्ये निकॉनची १४-२४ आली तेव्हा झूमचे कोपरे इतके स्वच्छ असू शकतात हे पहिल्यांदा दिसलं. पुढची काच इतकी फुगीर की साधा फिल्टर लागत नाही, तरी कॅननवाले ॲडॉप्टर लावून ती वापरायचे. तुम्ही बघताय ती दुसरी आवृत्तीही त्याच वर्षीची, पण कोपऱ्यांत ती तिथवर पोहोचली नाही. कॅननने ते काम २०१४ च्या एफ ४ मध्ये केलं, आणि एफ २.८ मध्ये २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत. लेण्यांत एफ ८ वरच काम असतं. तिथे मला २.८ चा उपयोग नाही, स्वच्छ कोपऱ्याचा आहे.

आकाशकंदील

लेणीवेडी ताईंची पद्धत उत्तम, पण एफ ४ चा सल्ला सगळ्यांना लागू नाही. मी भंडारदऱ्याला आकाशगंगा काढतो. एफ ४ म्हणजे २.८ च्या निम्माच प्रकाश. एक्सपोजर वाढवावं तर तारे रेघा होतात. आमच्यासाठी २.८ लागतंच, आणि मग बघायचा तो कोमा: कोपऱ्यातल्या ताऱ्याला पंख फुटतात. तपासायला अमावास्येची वाट बघू नका, रात्री गच्चीवरून लांबचे रस्त्यावरचे दिवे कोपऱ्यात घ्या. चारही कोपऱ्यांतले पंख सारखे हवेत. एकीकडे मोठे, एकीकडे नाहीतच, तर ती कॉपी, म्हणजे लेन्सचा तो नग, सोडा.

तळेगावकर

आज सकाळी टॉवरवर केलं. १६ ला तीन कोपरे एफ ८ वर चांगले आहेत. खालचा डावा तसाच, त्याच कोपऱ्यात फोकस करूनही जाळी उलगडत नाही. ३५ ला मात्र चारही जवळपास सारखे. मालक म्हणतात, किंमत कमी करतो, सर्व्हिसला देऊन सरळ करून घ्या. होईल का?

लेणीवेडी

मग शंका राहिली नाही, ही कॉपी डिसेंटर्ड आहे. ३५ ला बरी दिसते याचं नवल नाही. झूम करताना भिंगांचे गट पुढे-मागे सरकतात, त्यामुळे बिघाड एका टोकाला दिसून दुसऱ्या टोकाला झाकला जाऊ शकतो. दुरुस्ती होऊ शकते. पण १६ ला सरळ करताना ३५ बिघडू शकतं, म्हणून दुरुस्तीनंतर दोन्ही टोकं पुन्हा टॉवरवर बघावी लागतील. दुरुस्ती मालकांनी स्वतः करून द्यावी, तुम्ही पुन्हा तपासावं आणि मगच पैसे द्यावेत, असं त्यांच्याशी स्पष्ट बोला. त्यांना ते मान्य नसेल तर लेन्स परत करा. एफ ४ वाली बघायला जाल तेव्हा ट्रायपॉड सोबत न्या, आणि १६ चे चारही कोपरे आधी.