अनोळखी लेखकांची पुस्तकं शोधायची कुठे आणि त्यांच्यावर लिहायचं कसं?

तंबोरा

नमस्कार मंडळी. मी मिरजेची. आमची बायकांची भिशी होती, लॉकडाऊननंतर तिचा वाचनगट झाला. (भिशी अजून आहे, पैसे पुस्तकांना जातात.) जिच्या घरी बैठक तिने पोहे करायचे आणि पुस्तकही तिनेच निवडायचं. नावाजलेले लेखक बऱ्यापैकी वाचून झालेत. दुकानात गेलं की दर्शनी टेबलावर तेच ते: अनुवादित चरित्रं, श्रीमंत कसे व्हाल, सवयी कशा बदलाल. आम्हाला आता तालुक्याच्या गावी राहून लिहिणारे, पदरमोड करून पुस्तक काढणारे, पेपरात नाव न येणारे लेखक वाचायचेत.

अडचणी दोन. एक, सापडत नाहीत. दोन, सापडलाच तर ओळखीतला निघतो. गटातल्या एकीच्या दिरांच्या मित्राने मला कवितासंग्रह दिला. आत सही, 'सप्रेम भेट, अभिप्रायार्थ', खाली मोबाइल नंबर. आठवडा व्हायच्या आत फोन: "ताई, वाचलंत का? फेसबुकवर चार ओळी टाका की." खोटं लिहवत नाही. खरं लिहिलं तर ते दिरांमार्फत फिरून माझ्याच दारात येणार. तुम्ही अशा वेळी काय करता?

पायपीट

ऑनलाइन वाचायची तयारी असेल तर ई साहित्य प्रतिष्ठान बघा, नवोदितांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट देतात. प्रतिलिपीवर मराठी ढीगभर आहे, पण तिथे मालिका चालतात, सासू-सून आणि भूत. त्यातून वेचत बसायला चिकाटी हवी. किंडलवर स्वतः चढवलेली मराठी पुस्तकं असतात, नमुन्याची पानं फुकट वाचता येतात. बुकगंगावरही बऱ्याच पुस्तकांची काही पानं चाळता येतात. दहा पानांत कळतं.

जुना ग्रंथपाल

तंबोराताई, मी सोलापूर जिल्ह्यात 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात होतो, आता निवृत्त. दाखल रजिस्टरला चढवायचं म्हणून का होईना, प्रत्येक पुस्तक हातातून जायचं. त्या जोरावर बोलतो.

दुकानात ही पुस्तकं का नसतात ते आधी. स्वतः छापणारा तीनशे-पाचशे प्रती काढतो. वितरक छापील किमतीवर चाळीस-पन्नास टक्के मागतो, न खपलेला गठ्ठा परत पाठवतो आणि खपलेल्याचे पैसे त्याच्या सवडीने देतो. लेखक एकदा पोळला की पुन्हा त्या वाटेला जात नाही, पिशवीत घालून स्वतःच विकतो. वाचनालयांचं म्हणाल तर मार्च जवळ आला की पुरवठादार यादी आणि घसघशीत सवलत घेऊन येतो. अनुदान वेळेत खर्ची टाकायचं असतं, यादीबाहेरचं पुस्तक मागवायला सवड कुणाला?

म्हणून आपणच पिशवीपर्यंत जायचं. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात मोठ्या प्रकाशकांचे गाळे सोडून मागच्या रांगेत जा. एका टेबलावर एकच पुस्तक मांडून बसलेला गृहस्थ तिथे हमखास भेटतो. 2024 मध्ये अमळनेरला अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही संमेलनं एकाच गावात भरली. मला विचाराल तर पुस्तकांच्या बाबतीत विद्रोहीच्या मांडवात जास्त हाती लागलं. जिल्ह्याचा ग्रंथोत्सवही सोडू नका, उद्घाटनाची भाषणं मात्र सोडा.

दुसरी जागा 'साभार पोच'. पुरवण्यांत, मासिकांत कोपऱ्यात बारीक टायपात असते ती यादी: पुस्तक, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. बस. ज्यावर कुणी लिहिणार नाही असं ठरलेलं असतं ते सगळं तिथे येतं. प्रकाशक म्हणून लेखकाच्याच आडनावाची बाई आणि पत्त्यात फ्लॅट नंबर दिसला की खूण करून ठेवायची.

शिवाय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. तसा उल्लेख पुस्तकात छापलेला असतो. म्हणजे घराबाहेरच्या निदान एका माणसाने ते हस्तलिखित वाचलेलं असतं. हे वाटतं तेवढं स्वस्त नाही.

आता काय निवडायचं. माझं मत कडक आहे: चारोळ्या आणि कवितासंग्रह शेवटी. आधी ज्याने जन्मभर एक काम केलं आणि त्याच कामाबद्दल लिहिलं त्याचं पुस्तक घ्या. एसटीचा वाहक, सरकारी दवाखान्यातली नर्स, तमाशातला ढोलकीवाला.

उदाहरण देतो. नीरा उजव्या कालव्यावर पाटकरी म्हणून, म्हणजे शेतांना पाणी वाटून देण्याची, नोकरी केलेल्या एका गृहस्थांचं पुस्तक आहे. मुखपृष्ठावर सूर्योदय. आत आमदारांचा शुभेच्छा संदेश फोटोसकट, मग दोन प्रस्तावना, मग मनोगत, मग बालपण. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. पण साठाव्या पानाच्या पुढे माणूस नोकरीवर रुजू होतो आणि पुस्तक जिवंत होतं. शेजपाळीत, म्हणजे ओळीने पाळी लावून, पाणी टेलकडून (कालव्याच्या शेवटाकडून) हेडकडे द्यायचं, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी ज्याचं रान, त्याने आपल्या बांधावरून दुसऱ्याचं पाणी जाताना दिवसचे दिवस बघत बसायचं. तो का बसेल? रात्री फावडं घेऊन चारी (शेतांकडे पाणी नेणारा छोटा पाट) फोडतो. पाटकरी चारीच्या कडेला घोंगडीवर झोपलेला. पाण्याचा आवाज बारीक झाला की त्याला जाग यायची. बॅटरी न लावता चालत जायचं, कारण उजेड दिसला की फोडणारा पळतो आणि नाव कळत नाही. नाव कळलं तरी उपयोग काय? पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज न भरता पाणी घेतलं म्हणून पंचनामा करायचा, तर गावात पंच मिळत नाही, सगळे भावकीतले. एका पंचनाम्यावर शेवटी सही कुणाची, तर ज्याने चारी फोडली त्याच्या सासऱ्याची! जावयावर राग होता म्हणून.

व्याकरणाच्या नावाने बोंब आहे, ऱ्हस्व-दीर्घ देवाच्या भरवशावर. पण कालव्याचं पाणी प्रत्यक्षात कसं वाटलं जातं हे मला इतकं नीट दुसरीकडे वाचायला मिळालेलं नाही. तेव्हा पहिला नियम: संदेश, प्रस्तावना, मनोगत ओलांडा आणि मधलंच पान उघडा.

लिहायचं कसं? प्रसिद्ध लेखकावर लिहिताना वाचकाला निम्मं माहीत असतं, इथे काहीच नसतं. म्हणून मत शेवटी, माहिती आधी. पुस्तक कशाबद्दल, कुठल्या भागातलं, बोली कुठली, पानं किती, किंमत किती आणि मिळेल कुणाकडे. ही शेवटची ओळ नसेल तर बाकीचं लिहून फायदा नाही, वाचणारा "अरे वा" म्हणून पुढे जातो. (नंबर द्यायचा तर लेखकाला विचारून.) मग पुस्तकातला एक परिच्छेद जसाच्या तसा उतरवा, चुकांसकट. 'ओघवती भाषा', 'वाचनीय' आणि 'संग्राह्य' या तिघांना बंदी.

आणि भेट प्रत घेऊ नका. छापील किंमत हातावर ठेवा, त्याने जीभ मोकळी राहते. पुस्तक फसलेलं असेल तर जाहीर लिहू नका, फोनवर सांगा. दिरांच्या मित्राला आवडलेल्या दोन कवितांचे पान नंबर सांगा. संग्रह चाळलेला नसता तर पान नंबर आले नसते, हे त्याला कळतं.

स्वखर्चाने

नावातच आलं सगळं. चंद्रपूरचा, एक कादंबरी, गठ्ठे दिवाणाखाली.

ग्रंथपालकाकांचं बाकी सगळं मान्य, 'जाहीर लिहू नका' हे अमान्य. आमच्यासारख्याला वाईट अभिप्रायाने काही होत नाही, शुकशुकाटाने होतं. व्हॉट्सअॅपवर अंगठे आणि 'खूप छान सर' याचा ढीग आहे माझ्याकडे. उपयोग झाला तो एका अनोळखी बाईंच्या निरोपाचा: तुमच्या नायकाची आई तिसऱ्या प्रकरणात चाळिशीची आहे आणि सातव्यात तिची एकसष्टी होते, मधे गेली फक्त आठ वर्षं. हे माझ्या प्रस्तावनाकाराच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने प्रस्तावना कादंबरी न वाचता लिहिली असणार, असा माझा दाट संशय आहे.

अॅमेझॉनवर अभिप्राय लिहिणार असाल तर एक लक्षात ठेवा. घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी लिहिलेलं त्यांच्या नियमात बसत नाही, काढून टाकतात. फुकट प्रत देता येते, पण 'लिहाच' ही अट घालता येत नाही. म्हणजे दिरांचा मित्र तिथेही नियमाबाहेरच आहे.

आणखी एक, लेखक मंडळी वाचत असतील तर. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) बघून पुस्तकाचा दर्जा ठरवू नका आणि त्यासाठी कुणाला पैसेही देऊ नका. राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन. 'पॅकेज'मध्ये त्याचे वेगळे पैसे लावणारे आहेत. आणि 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वतःच्या खर्चाने पाठवायची असते. आपल्यातले बरेच जण पाठवत नाहीत आणि मग नोंद कुठेच राहत नाही. पोस्टाचा खर्च प्रकाशन समारंभातल्या शालींपेक्षा कमी येतो.

बिनसाखरेचा

कवींना शेवटी का ठेवलंत हो? साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं (जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं) कवींनीच चालवली, सायक्लोस्टाइल करून. कवी अरुण कोळटकरांचे मराठी संग्रह अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढले, ते काही मोठं दुकान नव्हतं. 2005 चा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार प्रासनेच काढलेल्या कोळटकरांच्या पुस्तकाला गेला. पाटकऱ्याचं आत्मचरित्र वाचायला माझी ना नाही, पण 'अनुभव' आहे म्हणून गचाळ लिहिणं माफ आणि कविता मात्र रांगेत मागे, हा कुठला न्याय?

जुना ग्रंथपाल

कोळटकर ही आता तालुक्यातल्या प्रत्येक कवीची ढाल झालीय. कोळटकर आणि शहाणे एकेका संग्रहावर किती बसले असतील ते पुस्तक हातात घेतलं की कळतं, आणि आमच्याकडे 'प्रकाशन पाडव्याला, कविता अजून वीस कमी पडतायत' असं म्हणणारे कवी यायचे. गचाळपणा माफ नाही, म्हणून तर परिच्छेद चुकांसकट उतरवा म्हटलं. चांगला कवी असेल तर नाव द्या, उद्या मागवतो.

स्वखर्चाने, तुमचा मुद्दा पटला, पण अर्धाच. तुम्हाला आईचं वय सांगणाऱ्या बाईंनी ते तुम्हाला कळवलं, जाहीर नाही. कादंबरी कुठे मिळेल ते इथे लिहा की. एवढं बोललात आणि तेच राहिलं.

बिनसाखरेचा

नाव व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवतो. कवी भिडस्त आहे.

तंबोरा

सगळ्यांचे आभार. कवितासंग्रह पुन्हा काढला. एकतीस आणि चौसष्ट, ही दोन पानं खरंच बरी आहेत. एकतिसाव्यावर आईच्या शिलाई मशीनची कविता आहे. उद्या फोन करून तेवढंच सांगते, आणि पुस्तकाचे पैसेही देते. घेतील की रुसतील, बघू.

पुढच्या बैठकीला पाटकऱ्यांचं पुस्तक घ्यायचं ठरलंय. काका, पत्ता व्यनि कराल का? दहा-बारा प्रती लागतील. आणि स्वखर्चाने, तुमचीही एक प्रत पाठवा, छापील किमतीला. आईच्या वयाचं दुरुस्त केलेली आवृत्ती असेल तर बरं. पाटकरीकाकांना मिरजेला बोलावलं तर येतील का?

जुना ग्रंथपाल

पत्ता पाठवलाय. येतील, गुडघे दुखतात तेव्हा जिना नसलेलं घर बघा. शाल-श्रीफळ नको, एसटीचं भाडं द्या. आणि तुमच्याकडे म्हैसाळ योजनेच्या पाण्यावरून भांडणारे दोघं-तिघं शेतकरी असतीलच, त्यांना समोर बसवा. बायका पुस्तकावर बोलतील, शेतकरी पाटकऱ्यांशी पाळीवर भांडतील. पोहे जास्त करा.