प्रादेशिक न्यायालयं म्हणजे फक्त स्ट्रासबर्ग नव्हे

'मानवी हक्क कायद्यात प्राध्यापकी करायची तर स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे निकाल वाचले की भागतं' असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. सरकारी यंत्रणेने माणसं गायब करण्याबद्दलचा पायाभूत निकाल कोस्टा रिकात, सान होसेच्या आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयात (अमेरिका खंडांतल्या देशांसाठीचं न्यायालय) लागला. १९८१ मध्ये होंडुरासमधल्या मान्फ्रेदो वेलास्केस या विद्यार्थ्याला उचलून नेलं, तो पुन्हा दिसलाच नाही. मृतदेह नाही, अटकेचा कागद नाही. तरी १९८८ मध्ये न्यायालयाने परिस्थितीजन्य पुरावा ग्राह्य धरून सरकारला जबाबदार ठरवलं. तपास करणं हे सरकारचं कर्तव्य, ते नातेवाइकांच्या गळ्यात टाकता येणार नाही, हेही तिथेच स्पष्ट झालं. त्या काळात तिथे न्यायाधीश असलेले टॉमस बर्गेनथाल मूळचे कायद्याचे प्राध्यापक, आणि आउश्वित्झ या नाझी छळछावणीतून वाचलेले.

आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाचा तर असं म्हणणारे उल्लेखही करत नाहीत. तिथे सामान्य माणसाला थेट दाद मागायची असेल, तर त्याच्या देशाने तशी मुभा देणारी वेगळी घोषणा केलेली असावी लागते. टांझानियाने २०१९ मध्ये ती मागे घेतली, आणि न्यायालय आहे टांझानियातल्याच अरुशात! रवांडा, बेनिन, कोत दिव्हार यांनीही तेच केलं. सरकारं न्यायालयापासून अंग का काढून घेतात, यावर काम करणारे अभ्यासक हवेत. नव्याने येणाऱ्यांनी स्पॅनिश किंवा फ्रेंच जरूर शिकावी, मूळ कागदपत्रं वाचता येतात.