जीपची ठिणगी पिवळी, पॉइंट सारखे जळतात

केळीबाग_यावल
वडिलांची जुनी पेट्रोल जीप आहे, पॉइंटवाली (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन धातूचे टोक). सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, गाडी उठत नाही. प्लग काढून बॉडीला टेकवला तर ठिणगी पडते, पण पिवळट, मरतुकडी. कॉइल नवी टाकली, फरक शून्य. पॉइंट पॉलिश पेपरने घासले की चार दिवस बरे, परत काळे. आणि एक अडाणी प्रश्न: बॅटरी 12 व्होल्टची, मग प्लगला हजारो व्होल्ट येतात कुठून?

जुना_वायरमन_भुसावळ
अडाणी कसला भाऊ! तीस वर्षं डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतात) उघडतोय, पॉइंट जुळले की ठिणगी पडते असं मानणारे मिस्त्रीही भेटलेत. ती पडते पॉइंट उघडताना.

केळीवाला आहेस ना? चालू पाईपलाईनचा व्हॉल्व्ह गड्याने झटक्यात बंद केला की पाईप धाडकन हादरतो, कधी जोड निखळतो. मोटारीचा दाब तेवढा नसतो. पळतं पाणी अडलं, त्याचा तो दणका. कॉइलमध्ये हेच. पॉइंट जुळलेले असताना जाड तारेच्या वेढ्यांतून तीन-चार अँपिअर करंट वाहतो, लोखंडी गाभ्यात चुंबकत्व भरतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि त्याच वेढ्यांत दोन-तीनशे व्होल्ट उसळतात. त्याच गाभ्यावर बारीक तारेचे वेढे साधारण शंभरपट, म्हणून प्लगकडे वीस हजारांच्या घरात.

पण करंट कचकन तुटला पाहिजे. पॉइंटच्या फटीतच जळत रेंगाळला तर इकडे पॉइंट काळे, तिकडे प्लग मरतुकडा. तुझं तेच झालंय. हे रेंगाळणं थांबवायला पॉइंटला समांतर कंडेन्सर असतो, डिस्ट्रिब्युटरजवळ स्क्रूने बसवलेली बोटाच्या पेराएवढी डबी. तो बदल. स्क्रू घट्ट आवळ, त्याचं अर्थिंग तिथूनच आहे.

धुळे_रायडर
तो रेडिओची खरखर घालवायला असतो ना?

जुना_वायरमन_भुसावळ
तो वेगळा, कॉइलच्या प्लस बाजूला. हा काढलास तर गाडीच बसेल.

केळीबाग_यावल
बाजारातून नवा कंडेन्सर आणला, तोही मेलेला निघाला! भंगारातल्या जीपचा काढून लावला, तर निळी ठिणगी, चट् चट् आवाज. आज पहिल्या सेल्फला उठली. फक्त प्लगची वायर हाताने धरून बघितली, दंड अजून झिणझिणतोय.

जुना_वायरमन_भुसावळ
पक्कड कशाला असते रे!