परग्रहवासी, परका की एलियन?

शब्दवेडी
एका विज्ञान-प्रणयकादंबरीचा अनुवाद करतेय आणि एका शब्दावर अडलेय. नायिका सुरुवातीला नायकाला 'एलियन' म्हणते, तिथे मी 'परग्रहवासी' केलं. पुढे ती त्याच्या ग्रहावर जाते. तिथे परग्रहवासी तीच! शेवटी ती म्हणते, "तू मला एलियन नाहीस," आणि तिथे अर्थ 'परका'. लॅटिन मुळाचा अर्थच 'दुसऱ्याचा', त्यामुळे इंग्रजीत दोन्ही छटा एका शब्दात मावतात. मराठीत काय करू?

दीर्घवेलांटी
'पर' दोन्हींत आहेच. "परग्रहावरचा असशील, परका नाहीस." 'एलियन' मात्र नको. आपला शब्द असताना उसना कशाला?

रात्रवाचक
माझी सात वर्षांची भाची 'एलियन'च म्हणते. 'परग्रहवासी' ऐकून तिने मला त्याचा अर्थ विचारला. जिवाच्या आकांताने हाक मारताना कोण सहा अक्षरं उच्चारेल?

दीर्घवेलांटी
मग 'परग्रही' म्हणा. चारच अक्षरं. भाचीला शब्द शिकवायचा की शब्दच टाकून द्यायचा?

कानामात्रा
मला 'ग्रह'च जास्त खुणावतो. ग्रह् म्हणजे धरणे. आकाशातला ग्रह, "माझा असा ग्रह झाला" मधला ग्रह, पूर्वग्रह आणि पाणिग्रहण, सगळे त्याच धातूचे. या कथेचा सगळा प्रवास पूर्वग्रहापासून पाणिग्रहणापर्यंतच आहे ना?

शब्दवेडी
किती सुंदर! पण संवादात कसं आणू?

रात्रवाचक
कादंबरी मी वाचलीय. दोघांना समान भाषा नसते, तो त्वचेच्या उष्णतेने बोलतो आणि ती एकेक अर्थ चुकत चुकत शिकते, तो भाग अप्रतिम आहे. मग भाषांतरयंत्र येतं आणि तो पृथ्वीवरच्या कुठल्याही देखण्या नायकासारखा बोलू लागतो. सगळं परकेपण तिथेच संपतं. शब्द कुठलाही घ्या, ही उणीव झाकणार नाही.

कानामात्रा
'तो' का पण? त्यांच्यात नर-मादी असा भेदच नाही असं पुस्तकात म्हटलंय ना?

शब्दवेडी
हो, आणि खरी झोप तिथेच उडालीय. आपल्याकडे 'ते' आहे, पण "ते आलं" म्हटलं की लेकरू वाटतं आणि "ते आले" म्हटलं की आदरार्थी पुरुष. स्वतःबद्दल बोलताना तर आणखी पंचाईत, "मी आलो" किंवा "मी आले" म्हणावंच लागतं.

दीर्घवेलांटी
'ते'ला कमी लेखू नका. आजी आजोबांबद्दल म्हणायची, "ते माणूसच तसं आहे." त्यात माया होती. नपुंसकलिंगात हेटाळणी असते तशी जवळीकही असते.

रात्रवाचक
प्रेयसीच्या तोंडी? मला नाही पटत. एखाद-दुसऱ्या वेळी ठीक, तीनशे पानं नाही.

कानामात्रा
क्रियापदच बदला. "मी पाहिलं", "मला कळलं", "मी येईन", यांत बोलणाऱ्याचं लिंग दिसतच नाही. अख्खं पात्र अशा रूपांत बोलू शकेल.

शब्दवेडी
एक प्रकरण करून पाहिलं. "मला तुझी ऊब ऐकू आली. मी थांबेन." वाचताना अंगावर काटा आला. 'मी येतो', 'मी येते' टाळताना वर्तमानकाळ जवळजवळ हातचा जातो, पण बोलणं खरंच दुसऱ्या जगातलं वाटतं.

दीर्घवेलांटी
वाटतं ते ओढूनताणून केलेलं. मराठी अशी बोलत नाही.

कानामात्रा
ते पात्र मराठी नाहीच! आणि नायिका त्याला 'तुम्ही'वरून 'तू'वर कुठे आणतेय? इंग्रजीत ती पायरीच नाही, ती तुम्हालाच ठरवावी लागेल.